धोट्याचा खेळ

नव्या हातमागाच्या साडीला येणारा खळीचा वास आला की माझा जीव अजूनही थाऱ्यावर राहत नाही.

मी उमरेडच्या विणकराचा मुलगा, घरातला पहिला पदवीधर. सत्तरच्या दशकात नागपुरात गुरुजी झालो. वर्गातला विनू कुणाकडे पाहत नसे, बोलत नसे. आज अशा मुलांना स्वमग्न म्हणतात. तेव्हा तो शब्द आम्हाला ठाऊक नव्हता. “आजही मुलांत मिसळला नाही, तर उद्यापासून आणू नका,” असं मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, त्याच्या आईला बजावलं होतं.

त्या दिवशी मी शाळेच्या कडुनिंबाखाली लांब फळी मांडली. तिच्यावर बाबांच्या मागाचा, आडवा धागा इकडून तिकडे नेणारा, चाकं लावलेला धोटा ठेवला; त्याला अजून खळीचा वास येत होता. एका टोकाला विनू, दुसऱ्याला त्याच्याच वर्गातली कमल. विनूने धोटा ढकलला. कमलने तो धरूनच ठेवला.

“काहून थांबली वं? दे ना त्याले!” कुंपणाबाहेरून त्याची आई कळवळली.

“मांगत तर नाही तो!” कमल म्हणाली.

विनू ताठरला. आता किंचाळेल, पळेल, असं वाटलं. कमलचा तेव्हा राग आला; आज वाटतं, खरा खेळ तिच्या हट्टानेच घडवला. कारण विनूने मान खाली ठेवूनच फळीवर थाप मारली. पुन्हा मारली.

“पाहा, मांगून राहिला!” कमल हसली आणि तिने धोटा सोडला.

व्हरांड्यातून पाहणाऱ्या मोठ्या बाई मान डोलावून आत गेल्या. विनूच्या आईने पदराने तोंड पुसलं.

“गुरुजी, उद्या किती वाजता आणू याले?”