पोकळ गिटारीतल्या अक्षता

साध्या चपला घ्यायच्या तरी मला तीन दुकानं लागतात. कारखान्यात मी तयार माल तपासतो, म्हणजे खोट काढायचाच पगार मिळतो, आणि ती सवय सुटताना गेटवर ठेवून येता येत नाही. त्यामुळे पन्नाशीला आल्यावर मी सेमी-हॉलो गिटार घ्यायचं जाहीर केलं, तेव्हा आई म्हणाली, "ह्येची गिटार येयसर मी काय रवत नाय." म्हणजे तोवर ती काही जगायची नाही.

सेमी-हॉलो म्हणजे मधून भरीव आणि दोन्ही कुशींना पोकळ असलेली इलेक्ट्रिक गिटार. समोरच्या बाजूला दोन लांबट, वळणदार फटी असतात. आवाज गोल, उबदार. कॉलेजात असल्यापासून मला तो हवा होता. पण आधी नोकरी, मग घर, मग मुलीचं शिक्षण, असं करत तो राहूनच गेला.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या आठवड्यात आमच्या जोगेश्वरीच्या घरात अशा दोन गिटारी येऊन पडल्या. एक कोरी करकरीत, मित्राच्या दुकानातली. "आठवडाभर वाजव, नाही पटली तर परत आण," म्हणाला. दुसरी माझ्यापेक्षाही थोरली, अंधेरीच्या गावठाणातल्या एका अंकलची. उपनगरांतल्या लग्नांत त्यांनी चाळीस वर्षं बँडमध्ये ती वाजवलेली. आता संधिवातानं बोटं वाकडी झाली होती. त्यांनीही आठवड्याचीच मुदत दिली.

"रविवारी काय ते सांग," अंकल म्हणाले. "तू नाय घेतलीस तर तो नवा कॅफेवाला मागतोय. भिंतीवर लटकवायला. वाजणारी चीज आहे रे ती, फोटो नाय."

मी वही काढली. नवी हलकी, सूर लावला की जागचा हलत नाही, हाताला गुळगुळीत. जुनीची मान जाड, एक बटण फिरवलं की खरखर, फ्रिज सुरू झाला की तीही गुणगुणायला लागते. वहीत जुनी सपशेल नापास. फक्त एक अडचण होती. जुनीवर साधा कॉर्ड वाजवला तरी तो विरेपर्यंत मी ऐकत बसायचो आणि पुढचं वाजवायचं विसरायचो. याला वहीत रकाना नव्हता.

दसऱ्याला आईनं पाट मांडला. त्यावर तिची शिलाई मशीन, माझी मापाची पट्टी, पाना आणि गिटारी.

"दोन दोन कित्याक रे?" तिनं विचारलं.

"एक राहणार, एक जाणार."

"मगे दोघींकय हळद-कुंकू लावतंय. जातली तीसुद्धा बरी जाऊंदे."

नवी दुकानाची, डाग पडला तर मित्राला काय तोंड दाखवू, म्हणून मी ती पिशवीतून काढलीच नाही. आईनं नाइलाजानं पिशवीवरच झेंडूचं फूल ठेवलं. जुनीवर आधीच इतके ओरखडे होते की मी अडवलं नाही. आईनं तिला हळद-कुंकू लावलं, हार घातला, हात जोडले आणि मूठभर अक्षता टाकल्या. त्यातल्या निम्म्या फटींतून थेट पोटात!

संध्याकाळी वाजवायला घेतली तर आतून खुळखुळ. हलवली, आडवी केली, पालथी केली, चारदोन दाणे आले, बाकीचे आतच. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या मालात खोट काढली आणि आता दुसऱ्याच्या मालात मीच घालून ठेवली. चिडून मी निकाल लावून टाकला. नवीच घ्यायची.

रविवारी जुनी घेऊन अंकलच्या ओटीवर गेलो. आधी नकार सांगितला, मग अक्षतांचं कबूल केलं. नकारावर त्यांनी नुसती मान डोलावली. अक्षतांवर मात्र खदखदून हसले. "आईनं माझ्या गिटारचं लग्न लावलं काय? थांब, चादर आणतो."

चादर पसरून आम्ही दोघांनी गिटार पालथी धरली आणि सूप पाखडावं तशी हलवली. कुंकवानं लाल झालेले दाणे टपटपले. आणि त्यांच्यामागून कागदाच्या बारीक टिकल्या यायला लागल्या. गुलाबी, निळ्या, पिवळ्या, रंग उडालेल्या. लग्नात नवरा-नवरी पहिल्या नाचाला उभी राहिली की त्यांच्यावर उधळतात ना, त्या. बँड शेजारीच उभा, त्यामुळे बरीचशी उधळण या फटींत गेलेली. कुणाला पत्ताच नव्हता.

अंकलनी वाकड्या बोटांनी एक चंदेरी टिकली उचलली. "ही चंदेरी एकाच लग्नात होती. नवरा पहिल्याच गिरकीला आपटला रे! आम्ही बँड थांबवला नाय, त्याला वाटलं नाचातलंच आहे." मग स्वतःच्या लग्नाचं सांगितलं. त्यात नवरा तेच आणि गिटारवालाही तेच. बोलता बोलता त्यांचे डोळे भरले, तोंड मात्र हसतच होतं.

माझी वही कुठल्या कुठे गेली. "अंकल, चुकलो. मीच घेतो ही."

त्यांनी गिटार मांडीवर ओढून घेतली. "नाय रे. आता नाय देत."

"आणि कॅफेवाला?"

"त्याला तर नायच नाय."

खरं सांगतो, राग आला. पन्नास वर्षांत पहिल्यांदा एका वस्तूत मला काही खोट दिसत नव्हती, आणि तीच हातची गेली होती. अंकलनी माझं तोंड पाहिलं असावं. "दर रविवारी चर्चमधल्या मिस्सानंतर ये," ते म्हणाले. "मी सांगीन, तू वाजव. माझी बोटं तू."

तेव्हापासून जातो. सूर जरा सरकला की ते ओरडतात, मी ऐकून घेतो. कारखान्यात मला कोणी इतकं बोलत नाही.

नवी मात्र रीतसर घरी आली. यंदाच्या दसऱ्याला आईनं पाटावर तिलाच ठेवलं, हार घातला आणि अक्षतांची मूठ उचलली. सवयीनं माझे दोन्ही हात दोन्ही फटींवर गेले.

"हात काढ मेल्या," आई म्हणाली.

मी काढले.