शेगडीशेजारचा डबा

माझी बायको पिठाच्या गिरणीच्या प्रयोगशाळेत आहे. पिठात घातलेलं अ जीवनसत्त्व किती टिकतं, हे मोजायचं तिचं काम. उष्णतेनं आणि उजेडानं ते नाहीसं होतं, हे लग्नापासून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन.

स्वभाव मुळातच चुळबुळ्या. जेवताना मध्येच उठते आणि कशासाठी उठले ते विसरते. पण या महिन्यात तिनं कहरच केला. प्रयोगशाळेतल्या गरम कपाटात ठेवलेल्या पिठातलं जीवनसत्त्व सहा महिन्यांत निम्म्याच्या खाली आलं होतं. खऱ्या स्वयंपाकघरात काय होतं ते बघायला त्याच पोत्यातलं थोडं पीठ तिनं आमच्या शेगडीशेजारी डब्यात ठेवलं होतं. त्यातलं मात्र ठणठणीत! साहेब खूश. हे पीठ अनाथाश्रमांत जाणार. तिथल्या पोरांना अ जीवनसत्त्व दुसरीकडून फारसं मिळत नाही. पिशवीवर ‘सहा महिने टिकते’ असं छापायचं ठरलं.

हिच्या जिवाला घोर लागला. “शेगडीजवळ जास्त टिकेलच कसं?” मी शिंपी माणूस, काय सांगणार? “मोजायचं मशीन बिघडलं असेल,” म्हटलं तर अंगावरच आली. भीती एकच, पोरं पोटभर खातील आणि पिठात काही उरलेलंच नसेल.

रविवारी स्वयंपाकघरात येरझाऱ्या घालता घालता तिनं डबा उघडून वास घेतला. सहा महिन्यांच्या पिठाला असा ताजा वास?

“आई, या डब्याला कुणी हात लावला होता?”

“मीच की,” माझी आई म्हणाली. “दर महिन्याला जुनं संपवते, तुझ्याच गिरणीचं नवं भरते. सहा महिने पीठ ठेवतं का कुणी?”

“अहो, वर ‘हात लावू नये’ चिकटवलं होतं!”

“ते मला वाटलं, त्याच्यासाठी,” आई माझ्याकडे बघून म्हणाली.

मला हसू फुटलं. पिशव्या दुसऱ्या दिवशी छपाईला जाणार होत्या. बायकोनं लगेच साहेबांना फोन लावला. मीटिंग झाली, आता आकडे फिरवू नका, असं ते इतक्या मोठ्यानं म्हणाले की आम्हालाही ऐकू आलं. ती पुन्हा सांगायला लागली, तर त्यांनी मध्येच तोडलं. आईनं पदराला हात पुसले आणि फोन घेतला.

“साहेब, मी सासू बोलतेय. ते पीठ मी बदललंय, सून खरं सांगतेय. इतकं जुनं पीठ मी माझ्या पोराला घालत नाही. तुम्ही त्या पोरांना घालणार?”

छपाई थांबली.