जिल्हास्तरीय विचारत नाहीत

जगात काय चाललं आहे हे ज्याला सगळ्यात जास्त ठाऊक आहे आणि त्याचं ज्याला सगळ्यात कमी सोयरसुतक आहे, असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच असावा, आणि तो नेमका माझा भाडेकरू निघावा, याला मी नशीब म्हणते. सिंदी मेघेतल्या आमच्या घराच्या वरच्या खोलीत तो गेली कित्येक वर्षं राहतो आणि स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करतो. कोणत्या परीक्षेचा, असं विचारू नये. तलाठ्यापासून उपजिल्हाधिकाऱ्यापर्यंत जी जाहिरात निघेल तिचा. तिशी कधीच ओलांडली, कपाळावरचे केस मागे हटले, पण चालू घडामोडी म्हणतात त्या विषयात त्याचा हात धरणारा अख्ख्या वर्ध्यात सापडायचा नाही. कुठल्या देशात कोण निवडून आलं, कुठल्या समितीवर कोण बसलं, कुठल्या योजनेचं नाव बदलून काय झालं, सगळं तोंडपाठ. खाली नळाला पाणी आलं आहे, हे मात्र मीच जिन्यात उभं राहून ओरडून सांगायचं.

पेपर आमच्या दारात पडतो, पण आम्हाला वाचायला मिळतो तो दुपारी, कारण आधी तो वर जाऊन येतो. परत येतो तेव्हा लाल पेन्सिलीने इतका रंगवलेला असतो की त्यातून बातमी निवडून काढावी लागते. खून, चोऱ्या, महागाई यांना तो शिवत नाही. "हे विचारत नाईत काकू," म्हणतो. कुठे युद्ध पेटलं की आपण हळहळतो. हा दोन्ही देशांच्या राजधान्या, चलनं आणि मधून वाहणारी नदी पाठ करून मोकळा होतो. एकदा एक मोठे गायक वारले. आमचे हे त्यांचे जुने भक्त, सकाळपासून अन्नाला न शिवता रेडिओजवळ बसलेले. तर हा जिना उतरला तो इतक्या उजळलेल्या चेहऱ्याने, की मला वाटलं बाई, लागला एकदाचा निकाल. "काकाजी, पक्का प्रश्न आला," असं म्हणून तो ह्यांच्यासमोरच मांडी घालून बसला आणि दिवंगतांचं घराणं, गुरू आणि मिळालेले पुरस्कार चढत्या क्रमाने विचारू लागला. ह्यांनी रेडिओ बंद केला आणि शांतपणे म्हणाले, "बाबू, उद्या मी गेलो तर तू खांदा देशील का पर्याय देशील?" यावर तो बराच वेळ विचारात पडला, हे मला अजून आठवतं.

रोज उजाडता-उजाडता आमच्या गच्चीवर त्याची उजळणी भरते. आसपासची पोरंपोरी चटया घेऊन येतात, हा फेऱ्या मारत प्रश्न टाकतो आणि ती एका सुरात उत्तरं देतात. लोकांच्या गल्लीत पहाटे काकड आरती होते, आमच्या गल्लीत "पर्याय क" होतो. खालून कितीही बोंबला, उजळणी थांबत नाही. बरं, शिव्या तरी किती द्याव्या? या गच्चीवरून उठून कितीतरी पोरं पोलिसात लागली, कोणी ग्रामसेवक झालं. एक पोरगी तलाठी झाली, ती पेढे घेऊन आली आणि त्याच्या पाया पडली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हा पेढा चघळत तिला म्हणाला, "आता महसुलात काही नवीन झालं तर मले लगेच कळवजो." सगळ्यांना पलीकडे पोचवून हा आपला नावाड्यासारखा पुन्हा अलीकडच्या काठावर. एका वर्षी ऐन तोंडावर परीक्षा पुढे ढकलली. परीक्षा पुढे गेली की पाठ केलेल्या चालू घडामोडी नासतात, हे मला तोवर माहीत नव्हतं. मधल्या काळात कोणी राजीनामा दिला, कोणाचं खातं बदललं, आणि याचं वर्षभराचं पाठांतर पाण्यात गेलं. घरात कोणी गेल्यासारखा चेहरा करून तो पायरीवर बसला होता. "राजीनामा द्यायचाच होता तं द्या ना," तो म्हणाला, "पण परीक्षेपर्यंत थांबाले काय झालतं?"

त्याच्याशी साधं बोलणं म्हणजे परीक्षाच. एकदा त्याला भरल्या वांग्याची वाटी देताना मी सहज म्हटलं, वांगी ताजी आहेत आणि तिखट बेताचंच घातलंय. त्याने एक घास घेतला, ठसका लागला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "विधान एक बरोबर, विधान दोन चूक." पण याहून मोठा रोग वेगळाच. चुकीच्या उत्तराला गुण कापतात, म्हणून खात्री नसेल तो प्रश्न कोरा सोडायचा, हा परीक्षेचा नियम त्याने सगळ्या जन्मालाच लावून टाकला आहे. कोपऱ्यावर एका म्हाताऱ्याने त्याला सेवाग्रामच्या दवाखान्याचा रस्ता विचारला. दोन रस्ते चूक, एवढं याला नक्की माहीत होतं. उरलेल्या दोनांत खात्री होईना. हा गप्प. म्हाताऱ्याला वाटलं, पोरगा मुका आहे. त्याने डोक्यावरून हात फिरवला आणि दुसऱ्याला विचारलं. मुलगी पाहायला गेला तिथेही तेच. पसंत आहे का विचारल्यावर याने प्रश्न कोरा सोडला. त्या मुलीचा मुलगा आता शाळेत जातो.

त्याची आई पुलगावकडच्या एका खेड्यात राहते. वडील गेले, एकटीच असते. दर दोन-तीन महिन्यांनी पिशवीभर तुरीची डाळ घेऊन येते, निम्मी त्याला, निम्मी मला. पोराचा फोन अभ्यासासाठी बंद असतो म्हणून ती माझ्याच फोनवर बोलते. गेल्या हिवाळ्यात असाच तिचा फोन आला. मी याला खाली बोलावलं आणि पोळ्या लाटत होते म्हणून फोन मोठ्या आवाजावर ठेवला.

"बापू, मंगळवारी येजो. माहा सत्कार हाय."

"कोणत्या लेव्हलचा?" हा म्हणाला.

"लेव्हल म्हंजे?"

"राज्यस्तरीय का राष्ट्रीय?"

"ते मले काय मालूम बाबा. कलेक्टर हापिसातले साहेब येऊन राह्यले, म्हणते सारे."

"म्हणजे जिल्हास्तरीय," तो मला समजावून सांगितल्यासारखा म्हणाला आणि फोनकडे वळला. "जिल्हास्तरीय विचारत नाईत, आई."

 मग ती हळूच म्हणाली, "बरं. पण येशील ना?"

आणि या पठ्ठ्याने तो प्रश्नही कोरा सोडला. मी त्याच्या पुढ्यातला चहा उचलून घेतला. "ती माऊली कधी तुझ्याकडे काही मागत नाही, मेल्या," मी म्हटलं, "आणि आज मागते तर तू तिला लेव्हल विचारतोस? मंगळवारी तू जातोस, आणि मी तुझ्याबरोबर येते. यात पर्याय नाहीत." लाटणं माझ्या हातातच होतं. फोनवर मीच सांगितलं, येतो आम्ही.

मंगळवारी त्याने आधी उजळणी घेतली. मग कोणाच्या तरी शंका. मी पातळ बदलून, पर्स घेऊन जिन्याखाली तिष्ठत उभी. पहिली बस गेली, दुसरी भरून आली म्हणून थांबलीच नाही. तरी मी निर्धास्त होते, कारण सरकारी सत्कार तो, वेळेवर सुरू झाला तर आभाळ कोसळेल. पण आभाळ कोसळायचं ते त्याच दिवशी कोसळायचं असतं. साहेबांना पुढे आणखी कुठे जायचं होतं. त्यांनी वेळेवर येऊन घाईघाईने सगळं उरकलं आणि ते गेले.

आम्ही पोचलो तेव्हा मंडप सोडत होते. खुर्च्यांच्या चळती टेम्पोत चढल्या होत्या. पुढच्या रांगेत दोनच खुर्च्या उरल्या होत्या. एकीवर त्याची आई, खांद्यावर शाल, मांडीवर नारळ. दुसरीवर तिची पिशवी. मंडपवाला म्हणत होता, "मावशी, एक तरी देऊन द्या ना आता," आणि ती म्हणत होती, "थांब ना बाबा. माहा पोरगा येऊन राह्यला."

आम्हाला पाहून तिने पिशवी उचलली. उशीर का, एवढंसुद्धा विचारलं नाही. "बस," म्हणाली. मला इतका राग आला होता आणि इतकं रडू येत होतं की मी खांबाला धरून तशीच उभी राहिले.

तो बसला. सवयीने त्याची नजर आधी फलकाकडे गेली, पण फलक केव्हाच उतरवून झाला होता. "पाहुणे कोण होते?"

"नाव नाई राह्यलं ध्यानात. उंचेपुरे होते. लई घाईत होते."

"अन् सत्कार कशाचा?"

"डाळ मिलचा."

"कोणती डाळ मिल?"

आता मात्र माझ्याच्याने राहवेना. "अरे, ती डाळ तू वर्षानुवर्षं खातोस," मी ओरडले. "तुझी आई बचत गटाची अध्यक्ष आहे. गावातल्या बायकांना घेऊन ती मिल चालवते. माझ्या ओट्याशी बसून तिने मला दहा वेळा सांगितलंय."

तो आईकडे पाहत राहिला. अख्ख्या जगाचे अध्यक्ष पाठ असलेला तो पोरगा असा गोरामोरा झाला, की माझा राग कुठल्या कुठे गेला. तिलाच त्याची कीव आली असावी. शालीचं टोक सारखं करत ती म्हणाली, "लहानीच हाय मिल. तुह्या अभ्यासात काऊन सांगू?"

मग त्याने विचारायला सुरुवात केली. मशीन कुठून आणलं, पट्टा तुटला तर कोण बसवतं, लाइन गेली की काय करता, बाया पहिल्या वर्षी भांडल्या का. ती आधी एकेक शब्दात सांगत होती. मग हळूहळू खुलली. पहिल्या वर्षी डाळ अशी काळपट निघाली की कोणी घेईना, साऱ्यांनी घरीच खाल्ली, हे सांगताना तर तोंडाला पदर लावून हसली. तो हसला नाही, पुढचं विचारत राहिला. गच्चीवर मी त्याचे हजारो प्रश्न ऐकले असतील, पण ज्याचं उत्तर त्याला ठाऊक नाही असा प्रश्न विचारताना त्याला पहिल्यांदा पाहत होते. बोलता बोलता ती मधेच थांबली आणि संशयाने त्याच्याकडे पाहून म्हणाली, "इतकं काऊन विचारून राह्यला रे बापू? पेपरात येनार हाय का हे?"

"नाई आई," तो म्हणाला. "कधीच नाई येनार. तू सांग."

ती सांगू लागली. मंडपवाला खुर्च्यांसाठी पुन्हा येऊन उभा राहिला, त्या दोघांकडे त्याने जरा वेळ पाहिलं आणि मग आधी ताडपत्री घडी करायला गेला. परतीच्या बसची वेळ होत आली होती. मी पर्स खाली ठेवली आणि खांबाला टेकून बसले.