विंडचाइमवाल्याचा रबरबँड

दादर स्टेशनबाहेर विंडचाइम विकणाऱ्या त्या माणसाचा एकही विंडचाइम वाजत नसे. सगळ्या नळ्यांना त्याने रबरबँड गुंडाळलेले.

"दिवसभर किणकिण कोण ऐकणार? डोकं उठतं," तो म्हणाला. मग एकदम गंभीर झाला. "दार कुठे उघडतं?"

"चाळ आहे. गॅलरीत उघडतं," मी सांगितलं.

फुटपाथवर हात पसरून तो स्वतःच दार होऊन उभा राहिला, डोळे मिटले आणि म्हणाला, "सहा नळ्यांचा न्या. वाजला की लक्ष्मी आलीच समजा."

रबरबँड काढून विंडचाइम टांगला, पण आमच्या गिरगावच्या गॅलरीत तो वाऱ्याने कधी वाजला नाही. टोकाच्या संडासाकडे जाणाऱ्या प्रत्येकाचं डोकं मात्र त्याला लागायचं. शेवटी शेजारच्या काकू तणतणत आल्या. "अरे, पहाटे कोण कितीदा गेलं, अख्ख्या मजल्याला कळतंय!"

मी तडक दादर गाठलं. "लक्ष्मी कुठली, काकू आल्या!"

"भांडायला?"

"मग काय!"

त्याने शांतपणे मनगटावरचा एक रबरबँड काढून माझ्या हातात ठेवला. "हा लावा. घरात लगेच शांती नांदेल."

नांदली हो! तेव्हापासून फेंगशुईवर माझा पूर्ण विश्वास आहे.