हमूरचा कल्ला

मासा घ्यायचा तो कल्ला उचलून बघायचा आणि आत लालभडक दिसला तरच घ्यायचा, ही सवय मला रत्नागिरीत आईने लावली. आता इथे आखातात, फरवानियातला मासेवाला मला लांबून बघूनच तोंड वाकडं करतो.

नवरा बँकेत आहे. सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन खैरानला जातो. तिथल्या हौशी गळवाल्यांच्या एका गटात तो शिरला. मोठा हमूर, म्हणजे आपल्याकडचा हेकरूच, लागला की ओल्या हातांनी धरायचा, लांबी मोजायची, पाठीत नंबराची बारीक पट्टी टोचायची आणि सोडून द्यायचा, असा त्यांचा नियम. मोठे मासे राहिले तर वीण राहील म्हणे. मला काही ते पटत नव्हतं. हाती लागलेला हेकरू सोडणारा माणूस आमच्या आळीत तरी मी पाहिला नव्हता.

एका शुक्रवारी मीही होडीत होते. चांगला हातभर हमूर लागला. नवरा टेप शोधत होता, मासा माझ्या हातात. आणि मी काय करावं? कल्ला उचलून सरळ आत बोट घातलं. जिवंत मासा ताजा आहे का बघायला.

"अगं, बाजारात आहेस का?" नवरा ओरडला. कल्ल्याला हात लावू नकोस, तिथूनच तो श्वास घेतो, हे त्याने घरून निघतानाच बजावलं होतं. माझ्या बोटाला रक्त लागलं होतं. नवऱ्याने घाईने माप घेतलं, पट्टी टोचली. सोडल्यावर मासा कुशीवर कलंडला, जरा वेळ तसाच राहिला आणि खाली गेला. पोहत गेला की बुडाला, कळलं नाही.

"जगेल का हो?"

"कुणाला परत सापडला, त्याने नंबर कळवला, तर समजायचं जगला."

जन्मभर मी मासे चिरले, कधी काही वाटलं नाही. हा मात्र माझ्या आगाऊपणाने फुकट गेला, असं मनाने घेतलं. नंबर आला का, म्हणून मी नवऱ्याला इतकं पिडलं की तो उत्तर देईनासा झाला.

पुढे काही महिन्यांनी मासेवाल्याकडे पापलेटाला हात घालणार, तोच नवऱ्याचा फोन आला.

"तुझा हमूर सापडला. मोजून परत सोडलाय. दोन बोटं वाढलाय."

मला तिथेच रडू आलं.

"लेना है क्या, मॅडम?" मासेवाल्याने घाबरून विचारलं.

मी मान डोलावली आणि कल्ला न बघताच पापलेट घेतलं. घरी येऊन बघते तर कल्ला पांढराफटक. पण त्या दिवशी मी भांडायला परत गेले नाही.