सात किलो दोनशे ग्रॅम

ऑफिसात त्याला शंकासुर म्हणत. घरात तोंडावर म्हणत नसत, एवढंच. चौतीस वर्षं तो लिफ्टा तपासण्याची नोकरी करत आला होता. दवाखान्याची असो, कचेरीची असो, गोदामातली मालाची असो, हा गृहस्थ आत पाऊल टाकायच्या आधी खालच्या खड्ड्यात डोकावणार, मग जिने चढून वरच्या मशीनखोलीत जाणार आणि तारेच्या दोरांवरून एक जुनी चिंधी फिरवणार. दोरातली एखादी बारीक तार तुटलेली असली की चिंधीचा धागा तिथं अडकतो. मालक बापडा शेजारी उभा राहून म्हणायचा, "साहेब, परवाच सगळं बघून घेतलंय." हा म्हणायचा, "असेल की," आणि चिंधी पुन्हा एकदा फिरवायचा.

हा असा का, याचं कारण लोक शोधायचे. लहानपणी कुणी फसवलं असेल, याची सही असलेली एखादी लिफ्ट कोसळली असेल. छे हो, कसलं काय! एकही कोसळली नाही. माणूस जन्मालाच असा आला होता. शाळेत जाताना आईनं दिलेला डबा हा दारातच उघडून बघायचा, आत खरंच काही आहे की नाही ते. लग्नानंतर बायकोनं दाराची कडी लावली की हा मागून जाऊन ती ओढून बघायचा. पहिली दहा वर्षं बायको भांडली, मग तिनं कडी लावणंच सोडून दिलं. "तुम्हीच लावा," ती म्हणाली, "निदान एकदाच लागेल."

तर अशा माणसाची एकुलती एक लेक. वय एकोणतीस. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला, नखांत कायम गुलाबी मेण. एके दिवशी जेवता जेवता ती म्हणाली, "बाबा, मी बावीस दिवस चालायला जाणार आहे. जंगलातली पायवाट आहे, डोंगरापलीकडे उतरते. एकटीच जाणार."

त्याचा घास हातातच राहिला. बायको मात्र शांतपणे वाढत होती. तिथंच त्याच्या मनात पहिली पाल चुकचुकली. ही बाई एरवी पोरीला सर्दी झाली तरी घर डोक्यावर घेते, आणि आज बावीस दिवसांचं जंगल ऐकून हिच्या हातातला चमचा हललासुद्धा नाही?

दोन दिवसांनी लेकीनं त्याला एक कागद आणून दिला. सुवाच्य अक्षर, दिवसवार मुक्काम, खाली रेघ मारलेली. दर चौथ्या दिवशी एक गाव. गावात दुकान, गावात फोन.

"हे दुकान सुट्टीच्या दिवशी उघडं असतं?" त्यानं बोट ठेवून विचारलं.

"असतं."

"आणि फोन चालू आहे, हे कुणी सांगितलं?"

"चालू आहे, बाबा."

इतकी पटापट उत्तरं! त्यानं उभ्या आयुष्यात मालकांची उत्तरं ऐकली होती. खरं बोलणारा माणूस जरा अडखळतो, डोकं खाजवतो, "थांबा हं, बघून सांगतो," म्हणतो. हिचं सगळं पाठ होतं. त्यानं कागदाची घडी केली आणि खिशात ठेवली. त्याला जे हवं होतं ते फार नव्हतं हो. पोरगी जाणार म्हणजे जाणारच, ती त्याच्यावरच गेली होती, अडून बसली की बसली. पण उद्या तिथं तिचं काही बरंवाईट झालं, तर ती नेमकी कुठे आहे हे तिच्या बापाला ठाऊक असायला हवं. एवढं एकच. आणि हा कागद ते सांगत नाही, असं त्याचं मन त्याला सारखं सांगत होतं.

मग काय, डोळ्यांत तेल घालून पाहणं सुरू झालं. लेकीनं दात घासायच्या ब्रशाची दांडी करवतीनं अर्धी कापली. का? "वजन कमी होतं." दांडीचं वजन! गॅलरीत ती आत्याशी फोनवर बोलायची आणि हा फुलझाडाला पाणी घालायच्या निमित्तानं गेला की बोलणं थेट हवापाण्यावर यायचं. त्या एका झाडाला आठवड्यात इतकं पाणी मिळालं की त्याची पानं पिवळी पडली. आत्या म्हणजे त्याची थोरली बहीण, दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. घाबरायचं कधी आणि कधी नाही, हे शिकण्यात तिची सगळी नोकरी गेली होती. भावाला ती लहानपणापासून ओळखून होती. त्यानं आडून आडून विचारलं तेव्हा म्हणाली, "तुझ्या पोरीला विचार." ताकास तूर लावू देईल तर शपथ.

एका गुरुवारी लेक कामावर गेली, बायको बाजारात गेली, आणि शंकासुरानं रजा टाकली. लेकीच्या खोलीत शिरला. जमिनीवर सगळं मांडलेलं होतं: तंबूची गुंडाळी, झोपायची पिशवी, टोपात मावेल एवढीशी चूल. भिंतीशी एक मोठी कापडी थैली. त्यानं ती उघडली. शिजवून खडखडीत वाळवलेल्या भाज्या, डाळी, सुकामेवा, पुड्यांवर पुड्या. त्यानं स्वयंपाकघरातला काटा आणला आणि एकेक पुडी मोजली. बेरीज आली सात किलो दोनशे ग्रॅम.

आता गंमत बघा. कुणीही साधा माणूस असता तर म्हणाला असता, एवढं खाणं किती दिवस पुरेल? पण हा पडला लिफ्टवाला. लिफ्टमधल्या पाटीवर काय असतं? सहा माणसं, चारशे आठ किलो. अडुसष्ट किलो म्हणजे एक माणूस. चौतीस वर्षं त्यानं वजन पाहिलं की त्याला भागून माणसं काढली होती. दिवस काढायची सवयच नव्हती त्याच्या डोक्याला. चालणाऱ्या माणसाला दिवसाला सहाशे ग्रॅम लागतं, हे लेकीनंच सांगितलं होतं. दर चौथ्या दिवशी दुकान, म्हणजे एका वेळी चार दिवसांचं न्यायचं, दोन किलो चारशे. सात किलो दोनशेला दोन किलो चारशेनं भागलं.

तीन माणसं.

तो लेकीच्या पलंगावर मटकन बसला. एकटी म्हणे! कोण हे दोघे? एखादा पोरगा असता तर समजण्यासारखं होतं, तरुण वय आहे, पण दोन? आणि त्यांचं खाणं माझ्या पोरीनं का वाहायचं? त्यांना हात नाहीत? संशयाला एकदा पाय फुटले की तो कुठे कुठे जाऊन येतो. दहा मिनिटांत त्यानं त्या दोघांना दाढ्या दिल्या, वाईट सवयी दिल्या, एकाला तर तुरुंगातही धाडून आणलं.

फ्रिजवर जंगलात जायच्या परवान्याचा कागद चिकटवलेला होता, त्यावर वाटेच्या तोंडाशी असलेल्या वनचौकीचा नंबर. तो फिरवताना त्याचा हात जरा थांबला, कारण फोन करण्यावरून या घरात एक जुनी जखम होती. लेक कॉलेजात असताना मैत्रिणींबरोबर डोंगरात गेली होती आणि परतायला तीन तास उशीर झाला होता. यानं पोलीस, अग्निशमन, सगळ्यांना उठवलं. माणसं अंधारात शोधायला गेली, त्यातल्या एकाचा पाय घसरून मोडला. लेक त्या वेळी बंद पडलेल्या बसमध्ये पत्ते खेळत होती. त्यानंतर महिनाभर ती बापाशी बोलली नव्हती. आठवलं त्याला ते सगळं. तरी नंबर फिरवलाच.

"मी तपासनीस बोलतोय," तो भारदस्त आवाजात म्हणाला. खोटं तर नव्हतं. "एका परवान्याबद्दल माहिती हवी आहे." त्यानं कागदावरचा क्रमांक वाचून दाखवला. "किती माणसं आहेत त्यावर?"

पलीकडच्या वनरक्षकाला साहेबी आवाज ओळखू आला. "बघतो, साहेब." कागद चाळल्याचा आवाज. "एकच आहे, साहेब. बाई आहेत. एकट्या."

"नक्की? तीन नाहीत?"

"एकच, साहेब."

"मग सात किलो खाणं कशाला?"

"लागणारच की, साहेब. मधले बारा दिवस वस्तीच नाही त्या वाटेवर."

"आणि गावं? दर चौथ्या दिवशी?"

वनरक्षक हसला. "गावं कुठली, साहेब? तिथं आम्हीसुद्धा वर्षातून दोनदा जातो."

म्हणजे खिशातला कागद खोटा. संशय खरा ठरला की त्याला एरवी बरं वाटायचं, अगदी जेवण झाल्यासारखं. आज काही तसं वाटेना.

"ठरल्या दिवशी त्या पोचल्या नाहीत तर कळवणार कोण?" त्यानं विचारलं.

"आत्यांचं नाव आहे, साहेब. त्यांचा फोन आला की आम्ही लगेच माणसं काढणार. बाई हुशार आहेत, सगळं लिहून दिलंय. खाली एक शेरा पण आहे." वनरक्षकानं तो एकेक शब्द लावत वाचला. "वडिलांचा फोन येईल. पुन्हा पुन्हा येईल. काही घडलं आहे असं समजू नये." मग खासगी आवाजात म्हणाला, "वडील जरा त्यातले दिसतात, साहेब. असतात काही माणसं."

"असतात," शंकासुर म्हणाला आणि फोन ठेवला.

पुड्या मोजायला आणलेला काटा परत जागेवर ठेवायचंही त्याला सुचलं नाही. रागानं त्याच्या नाकपुड्या फुगल्या, मग राग गेला आणि वाईट वाटलं, मग पुन्हा राग आला. समजा, उद्या माझी पोरगी त्या जंगलात पडली आहे, मला ते ठाऊक आहे, मी घसा फोडून सांगतो आहे, आणि तिकडे तो माणूस शेरा वाचून चहा पितो आहे! कुणी लिहिला शेरा? माझ्याच पोरीनं. बायकोलाही ठाऊक होतं, बहिणीलाही ठाऊक होतं. घरात ठाऊक नव्हतं ते फक्त एकाला.

संध्याकाळी लेक आली. काटा तिच्या खोलीत, पुड्या उघड्या, आणि बाप पलंगावर. बायको दारात येऊन उभी राहिली.

"मोजलंत?" लेकीनं विचारलं.

"मोजलं. मला वाटलं तीन माणसं आहेत."

"तीन?" ती हसणार होती, पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून थांबली.

"चौकीला फोन केला."

"केलात ना!" तिनं हातातली पिशवी जमिनीवर आपटली. "बघ आई, मी म्हटलं नव्हतं? अजून मी घरात आहे, जायला नऊ दिवस आहेत, आणि यांचा पहिला फोन झालासुद्धा!"

"खोटा कागद दिलास तू मला."

"दिला. खरा दिला असता तर तुम्ही रोज फोन केला असतात. त्या माणसाचा पाय मोडला, बाबा. मी त्याला भेटायला गेले होते, तुम्हाला सांगितलं नाही. तो अजून लंगडतो. माझ्यासाठी पुन्हा कुणी फुकट जंगलात जायला नकोय मला, आणि खरंच गरज पडली तर लांडगा आला म्हणून कुणी हसायलाही नकोय."

बायको म्हणाली, "अहो, बोला काहीतरी."

"तो शेरा काढ," तो म्हणाला. आवाज त्याचा त्यालाच परका वाटला. "बाकी काही म्हणत नाही मी. आत्याचं नाव राहू दे. पण तेवढा शेरा काढ."

लेक त्याच्यासमोर जमिनीवर बसली. "काढते. उद्याच चौकीला कळवते. फक्त एक सांगा. बाविसाव्या दिवशी संध्याकाळी सहाच्या आत फोन करायचा नाही. एकही नाही. मधे पाऊस पडो, काही होवो. थांबाल?"

त्यानं हो म्हणायला तोंड उघडलं. हो म्हणणं अगदी सोपं होतं, जिभेवरच होतं. पण तो हो त्याच्या ओळखीचा होता. मशीनखोलीत शेजारी उभे राहून मालक म्हणतात ना, सगळं बघून घेतलंय, साहेब, तसला. दुसऱ्या कुणी त्याला असा हो ऐकवला असता तर त्यानं सही केली नसती.

"नाही," तो म्हणाला. "नाही जमणार. चौथ्या दिवशी करीन मी फोन." थोडं थांबून त्यानं दुरुस्ती केली. "तिसऱ्या."

बायकोनं पदरानं डोळे टिपले, आणि ती या घरात सहसा रडत नसे.

"शेरा राहू दे," तो म्हणाला. "बरोबर लिहिलायस."

लेक उठली. कपाटातून तिनं एक कागद काढला, घडी पडलेला, पेन्सिलीनं खाडाखोड केलेला, आणि त्याच्या हातात दिला. खरा मुक्काम, खरे दिवस. पाचव्यापासून सोळाव्यापर्यंत गावाचं नाव नाही, फक्त खिंडी, ओढे आणि झाडांवर रंगाच्या खुणा कुठे संपतात ते. नवव्या दिवसापुढे लिहिलं होतं: नदी, पूल नाही, पहाटे पाणी कमी असताना उतरणे.

त्यानं ते दोनदा वाचलं. पाणी किती खोल, ओढ किती, पाय निसटला तर काय धरायचं, परत फिरायचं ठरवलं तर कुठून, पाऊस झाला तर किती थांबायचं; प्रश्नांची रांग लागली डोक्यात, एकामागे एक. लेक त्याच्याकडे बघत होती, उत्तरं तयार ठेवून, खांदे ताठ करून.

त्यानं ओठ घट्ट मिटून घेतले. कागद गुडघ्यावर ठेवला आणि हातानं सपाट केला.

बराच वेळ ती वाट बघत राहिली. मग तिचे खांदे सैल पडले. ती त्याच्या शेजारी पलंगावर येऊन बसली, नवव्या दिवसावर बोट ठेवलं आणि म्हणाली, "बाबा, या नदीची मला फार भीती वाटते."