फाटकाशी थांबलेली मोटार

माझ्या थोरल्या भावाला महारोग झाला होता. हे वाक्य मी आज पहिल्यांदाच लिहितो आहे.

आम्ही माळी, अकोल्यात जठारपेठेच्या पुढे आमचा मळा. कलम बांधायला मला दादानंच शिकवलं. त्याची बोटं झडू लागली तेव्हा मीच त्याला अमरावतीच्या अलीकडे, सडकेला लागून असलेल्या महारोग्यांच्या आश्रमात ठेवून आलो आणि गावात सांगितलं, तो गोसाव्यांबरोबर निघून गेला. घरात माझी मुलगी लग्नाची होती. दर गुरुवारी मात्र त्याच्यासाठी डबा घेऊन जात असे. रेल्वेत ओळखीचं कोणी भेटेल म्हणून उतारूंच्या मोटारीनं. त्या दिवसांत देवाचं नाव घ्यायलाही जीभ अडायची. खोटं बोलणाऱ्याचं तो काय ऐकणार?

मोटारीचा डायवर कासमभाई. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून मागे कोळशाच्या गॅसची टाकी बसवलेली. तिला वारा घालून घालून तो काळा होऊन जाई. वर्षभर आम्ही पऱ्हाटीचं पीक आणि सडकेचे खड्डे यांपलीकडे बोललो नाही. मी कोर्टाचं काम सांगायचो, आश्रमाच्या मैलभर आधी उतरायचो आणि मोटार दिसेनाशी झाली की चालू लागायचो. एकदा उतरताना तो हळूच म्हणाला, “भाऊ, तुमचं कोर्ट बाभळीत भरते काय? अन् जज वांग्याची भाजी खाते वाटते.” तो हसला मात्र नाही. पुढच्या गुरुवारी त्यानं मोटार थेट आश्रमाच्या फाटकाशी उभी केली आणि पाण्याचं निमित्त करून बाकीच्या उतारूंना सडकेपलीकडच्या विहिरीवर नेलं.

मुलीचं धामणगावला ठरलं आणि मी जाणं बंद केलं. डबा कासमभाईकडे देऊ लागलो. “फाटकावर ठेवा फक्त,” मी सांगितलं. “बरं,” तो म्हणाला. चार महिने गेले. दादा कसा आहे, हे मी विचारत नसे. एकदा तोच म्हणाला, “डोळे गेले त्यायचे. आता लय दिवस नाहीत. एक बार चला.” मी म्हणालो, लग्न होऊन जाऊ द्या.

अमरावतीच्या अंबादेवीला लग्नाची पहिली अक्षत द्यायला, अकोल्याला आलेले होणारे व्याही आणि मी निघालो. रेल्वेत फौजेची गर्दी, म्हणून मोटारीचा आग्रह त्यांनीच धरला. कासमभाईनं ओळख दाखवली नाही. फाटक जवळ आलं, मी मान खाली घातली. तेवढ्यात मोटार आचके देऊन थांबली. कासमभाईनं उतरून टाकी उघडली. “कोळसा विझला. घंटाभर लागते,” एवढंच बोलला आणि पंखा फिरवू लागला.

“नेमकी या जागेवरच मेली,” व्याही म्हणाले. “उपरणं घ्या तोंडावर.” मी घेतलं. पाव तास तसाच बसून होतो, हेही लिहिलं पाहिजे. मग उतरलो. ते धैर्य नव्हतं. बसून राहायची ताकद संपली होती.

दादा खाटेवर पडला होता. पावलं ऐकून म्हणाला, “या कासमभाई. जेवता न आज माह्यासंगं?” तेव्हा कळलं की डबा कधी फाटकावर राहिलाच नव्हता. मी खाटेच्या कडेला बसलो. “लहान्याले सांगजा,” दादा म्हणाला, “इकडं येऊ नको म्हणा. पोरीचं लगन पार पडू दे.” मी त्याचा हात धरला. दुसऱ्या थोट्या हातानं त्यानं माझं मनगट चाचपलं, खांदा चाचपला. मग म्हणाला, “काहून आला रे?”

परतलो तेव्हा मोटार धडधडत उभी होती. व्याह्यांनी विचारलं, “कोण आहे तिथं तुमचं?”

“माझा मोठा भाऊ.”

ते उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसले. अक्षत माझ्या उपरण्यातच राहिली. लग्न मोडलं. सहाव्या दिवशी दादा गेला. त्याला उचलायला आश्रमातले दोघे, कासमभाई आणि मी. मुलगी अजून घरीच आहे. ती मला बोल लावत नाही, आणि तेच सोसवत नाही.

मोटार खरंच बंद पडली होती का, हे मी कासमभाईला कधी विचारलं नाही. देवीपुढे उभा राहतो तेव्हा आता काही मागत नाही. जो तास मी टाळत होतो, तोच तिनं माझ्या पदरात टाकला. आपल्याला थांबवलं जाईल तिथं उतरायचं, एवढं शिकलो, तेही उशिरा.